उसनं नाक

गोदामातल्या चौथ्या खांबाला टेकून आकाराम चौगले दुपारची भाकरी खात होता. बारदान शिवणारी मीनाबाई आठ-दहा हात लांब, नाकाला पदर लावून उभी होती आणि त्याच्याकडं बघत होती. १९९७ सालचा माघ महिना होता. त्याच खांबाच्या बुडाला सकाळी बोका मुतून गेला होता. वास इतका उग्र होता की शेजारच्या दुकानाचा दिवाणजी दारावरून जाताना थुंकून पुढं गेला होता. आकारामनं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, सावकाश चावला आणि विचारलं, "काय ओ मीनाबाई, असं काय बघाय लागलाय?"

"काय न्हाय तात्या. जेवा तुमी."

मीनाबाईला काय कळायचं ते तेवढ्यात कळलं. बोलली मात्र ती कुणाकडंच नाही.

आकारामला वास येत नव्हता. कसलाच नाही, तीन वर्षं होऊन गेली. आणि कोल्हापूरच्या गुळाच्या पेठेतल्या या गोदामात त्याला ठेवलं होतं ते त्याच्या नाकासाठीच.

तो मूळचा कसबा बावड्याचा. तीन भावांत मिळून दीड एकर रान, त्यामुळं विसाव्या वर्षापासून तो दुसऱ्यांच्या गुऱ्हाळावर. आधी चुलवाणात जाळ घालणारा जळव्या, मग गुळव्या. गुऱ्हाळावर मालक कुणीही असो, काहिलीत रस चढला की हुकूम गुळव्याचा चालतो. पाक कधी उतरवायचा हे तो ठरवतो. मिनिटभर आधी उतरवला तर गूळ धरत नाही, मिनिटभर उशीर झाला तर करपतो. बाकीचे गुळवे बुडबुडे बघायचे, पाण्यात पाकाचा थेंब सोडून गोळी होते का बघायचे. आकारामही ते करायचा, पण दुसऱ्याची समजूत पटावी म्हणून. त्याचा स्वतःचा निकाल नाकावर असायचा. उकळत्या रसाचा ओल्या गवतासारखा वास एका क्षणाला तुटतो आणि मागून भाजल्यासारखा वास येतो. तो वास आला की आकाराम ओरडायचा, "आला!" लगेच माणसं काहील उतरवायला धावायची. सव्वीस हंगाम तो ओरडत आला होता. त्याच्या "आला"वर कुणी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

१९९३च्या दिवाळीनंतर रसाच्या एका आदणाला, म्हणजे एका घाण्याला, तो काहिलीपाशी उभा राहिला, वाट बघत. बुडबुडे जाड झाले, त्यांचा रंग फिरला. वास येईना. जळव्या खालून ओरडला, "तात्या, करपलं की वं!" तेव्हा त्यानं वाकून बघितलं तर पाक काळा पडला होता. त्यानं सर्दीचं कारण सांगितलं. पंधरा दिवसांनी पुन्हा तसंच झालं, तेव्हा सर्दी नव्हती. मग गुडघे दुखतात म्हणून त्यानं गुऱ्हाळ सोडलं.

डॉक्टरांनी बॅटरी लावून नाकात बघितलं आणि काम काय करता विचारलं. गुळाला पिवळा रंग यावा म्हणून काहिलीत पांढरी पावडर टाकत, तिच्या वाफेनं डोळ्यांतून पाणी यायचं, हे त्यानं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, त्यानंही असेल, आणखी कशानं असेल. आता परत येईल असं वाटत नाही. घरी शालूबाईला, त्याच्या बायकोला, हे सांगायची वेळच आली नाही. नासलेलं दूध तो एका घोटात प्यायला तेव्हाच ती समजली होती. त्या दिवसापासून ती दूध आधी स्वतः हुंगून मग त्याच्यापुढं ठेवी.

पुढच्या वर्षी अडत्या बाळासो घरी आला. त्याच्या वडिलांच्या अडतीत आकारामच्या हातचा गूळ वेगळा लावला जायचा. बाळासो पस्तिशीचा, पांढरेशुभ्र कपडे घालणारा, बोलायला मोकळा. म्हणाला, "तात्या, गुडघ्यास्नी ताप न्हाय. स्टुलावर बसायचं. कुठला रवा आंबलाय, कुठल्याला रॉकेलचा वास लागलाय, तेवढं सांगायचं. तुमच्या नाकावर माझं गोदाम."

त्याच वेळी खरं सांगता आलं असतं. आकाराम म्हणाला, "बघतो."

रवा म्हणजे गुळाची ढेप. गोदामात तीस किलोच्या रव्यांच्या थप्प्या, कापडात आणि वरून बारदानात गुंडाळलेल्या. पहिली तीन वर्षं त्यानं हातांवर काढली. अंगठ्यानं दाबून ओल कळायची. बोटाच्या पेरानं ठोकलं की आंबलेल्या रव्याचा आवाज बद्द यायचा. माशा कुठल्या रव्यावर जास्त बसतात हेही तो लक्षात ठेवी. रव्यापाशी वाकताना नाक मात्र न चुकता फुलवायचा. चूक फारशी झाली नाही. लोक म्हणत, नाक असावं तर असं.

मग मांजरं आली. उंदरांसाठी हमालांनी एक तीनरंगी भाटी, म्हणजे मांजरी, पाळली होती, तिला कवडी म्हणत. तिच्या मागावर करड्या रंगाचा, मोठ्या जबड्याचा एक बोका आला. तो रोज सकाळी सगळ्या थप्प्यांना फेरी मारायचा म्हणून हमालांचा मुकादम कृष्णात यानं त्याचं नाव फौजदार ठेवलं. फौजदार दर फेरीला सात-आठ ठिकाणी मुतायचा. मुताला रंग नसतो. बारदानावर ते तासाभरात वाळतं. हात लावून, ठोकून, डोळ्यांनी बघून काही कळत नाही. आकारामच्या तिन्ही विद्या तिथं संपल्या.

गुजरातचा व्यापारी आला, खालच्या थरातल्या एका रव्याशी वाकला आणि रुमाल काढून सरळ झाला. "बाळासोभाई, इसमें बिल्ली का बास है." बेचाळीस रवे त्यानं बाजूला काढायला लावले.

तो गेल्यावर बाळासो आकारामच्या स्टुलापाशी आला. "तात्या, हे तुमाला कळलं न्हाय?"

"नाक चोंदलंय मालक. थंडीचं."

"बरं करा लवकर. आता दर गाडी भरायच्या आधी तुमी वास घ्यायचा. तुमी हां म्हटल्याशिवाय एक रवा हलणार न्हाय."

त्या दिवसापासून आकारामची खरी दमछाक सुरू झाली. गुळव्याचं काम अंगमोडीचं होतं, पण घरी आलं की संपायचं. आता मात्र तो झोपेतसुद्धा थप्प्या मोजत असे.

कृष्णातनं आधी गावठी उपाय केला. फौजदाराला पोत्यात घातलं, पोतं डोक्याभोवती तीनदा गरगर फिरवलं. असं फिरवलं की मांजर परतीची वाट विसरतं, असं म्हणतात. मग सायकलवरून पंचगंगेच्या पुलापलीकडं नेऊन सोडलं. चार दिवस गोदाम शांत राहिलं. पाचव्या दिवशी एक काळा बोका आला, सातव्या दिवशी पांढऱ्या पायाचा दुसरा. फौजदाराच्या खुणा शिळ्या होत चालल्या होत्या आणि नव्या खुणा करायला धनी हजर नव्हता, हे पेठेतल्या सगळ्या बोक्यांना कळलं असावं. दोघांनी मिळून फौजदाराच्या दुप्पट जागा भिजवल्या. बाराव्या दिवशी फौजदार एक कान फाटलेला घेऊन हजर झाला.

"बदली झालती," कृष्णात म्हणाला. "रद्द करून आला बघा मुंबईवरनं."

मग फिनेल आणलं. खांब धुतले, भिंती धुतल्या. माणसांना दोन दिवस फिनेलशिवाय काही कळेना. बोक्यांना त्याचंही काही वाटलं नाही. ते धुतलेल्या जागी आधी येत, हुंगत, आणि पुसलेली पाटी पुन्हा लिहावी तसं पुन्हा मुतत. धुण्यानं जागा मोडत नव्हती, उलट ताजी होत होती. हे सगळ्यात आधी आकारामच्या ध्यानात आलं, कारण दिवसभर स्टुलावर बसून बघण्याखेरीज त्याच्या हाती काही उरलं नव्हतं.

तो बघत राहिला. फौजदार मुतायला बसत नसे. थप्पीकडं पाठ करायचा, शेपूट काठीसारखं उभं धरायचा, शेपटाचं टोक थरथरायचं, मागचे पाय जागच्या जागी खाली-वर व्हायचे, आणि धार मागं, जमिनीपासून वीतभर उंचीवर जायची. दुसऱ्या मांजराचं नाक चालताना बरोबर तिथं येतं. खांबावर तो नखं ओढायचा, तेही कायम दाराजवळच्या त्याच खांबावर.

पण त्याला खरी सापडली ती कवडी. ती थप्प्यांमधून जाताना मध्येच थांबायची. मान पुढं करून एखाद्या बारदानाशी हुंगायची. मग वरचा ओठ उचलायची, तोंड अर्धवट उघडं टाकून तीन-चार क्षण तशीच राहायची, नजर कुठंच नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा आकाराम हसला. वाईट बातमी ऐकल्यासारखं तिचं तोंड झालं होतं. चौथ्या-पाचव्या वेळी तो हसला नाही. पाक पिकायच्या आधी तो स्वतः काहिलीवर असाच वाकायचा, तोंड जरासं उघडं टाकून. जळव्या त्याला त्यावरून चिडवायचा.

रव्यांवर नंबर घालायचा खडू त्याच्या खिशात असे. कवडी जिथं थांबली तिथं त्यानं बारीक फुली मारली.

दुसऱ्या दिवशी गाडी भरायची होती. त्यानं फुल्यांचे साठ रवे बाजूला काढायला सांगितले. हमालांनी शिव्या घालत काढले. कृष्णातनं एका रव्याला नाक लावलं. "तात्या, ह्याला तर निव्वळ गुळाचा वास हाय."

तेवढ्यात कोपऱ्यात दाभण घेऊन बसलेली मीनाबाई बोलली, "तंबाखूनं भरलेल्या तोंडाला काय कळतंय रं तुझ्या? तात्यांनी सांगितलंय न्हवं? ठेव बाजूला." कृष्णातनं खांदे उडवले.

हमाल चहाला गेल्यावर ती उठली. एकेका फुलीपाशी वाकली. पेठेत मीनाबाईचा चहाचा कप वेगळा ठेवायची पद्धत होती. तिनं पहिल्याच दिवशी तो कप परत केला होता आणि घरचा स्टीलचा पेला आणला होता. फुकटचा शब्द ती कुणासाठी खर्च करत नसे.

"ह्यात अठरा खरं हायत," ती म्हणाली. "बाकीच्यास्नी कायबी न्हाय. तुमाला वास येत न्हाय न्हवं?"

"तुमाला कुणी सांगितलं?"

"त्या खांबाला टेकून जेवलासा तवाच कळलं. माणूस हितं उभं ऱ्हात न्हाय."

त्यानं खडू खिशात घातला. ती म्हणाली, "मांजर बघून फुल्या मारताय व्हय? मग नीट बघा की. गाल घासती तिथं वास न्हाय. माझ्या पायाला रोज घासती, माझ्या पायाला वास हाय काय?"

चूक तिथं होती. कवडी दोन कामांसाठी थांबत होती. कोपऱ्यांना, रव्यांच्या कडांना, मीनाबाईच्या नि आकारामच्या नडगीला ती गाल घासायची. गालाचा तेलकट वास तिला नि तिच्या जातीला कळत असेल. माणसाच्या नाकाला तो लागत नाही, फक्त रोजच्या घासण्यानं कोपऱ्यावर तपकिरी पट्टा उमटतो. हे आपलं घर, ही आपली माणसं, एवढंच त्यात असावं. ओठ उचलायची ती मात्र दुसऱ्याच्या मुतापाशी. आकारामनं त्या दिवसापासून गालाच्या जागा सोडल्या आणि ओठाच्या जागा धरल्या. संध्याकाळी मीनाबाई फुल्या हुंगून, चुकीच्या तेवढ्या पुसून जायची. महिन्याभरात तिला पुसायला एकही फुली उरेनाशी झाली.

दुसरं काम त्यानं स्वतःच्या डोक्यानं केलं. धुणं बंद करवलं. थप्प्या भिंतीपासून हातभर आत घेतल्या आणि वाटांच्या तोंडाशी, वीतभर उंचीवर येतील अशी जुनी बारदानं लटकवली. दाराजवळचा नखांचा खांब तसाच राहू दिला. बाळासोनं विचारलं, "ही लक्तरं कशाला?" आकाराम म्हणाला, "फौजदाराला सहीला कागद." फौजदार लटकत्या बारदानांवर सह्या करू लागला. कधी एखादी चुकून रव्यावर पडायची, तेवढी कवडी दाखवायची.

अशी सात वर्षं गेली. गुजरातचा व्यापारी पुढंपुढं रवा हुंगेनासाच झाला. आकारामकडं बघून विचारायचा, "तात्या?" आणि आकाराम, सवयीनं नाक फुलवून, "हां" म्हणायचा. पेठेत दुसऱ्या गोदामांचे लोक त्याला सल्ला विचारायला येत. तो त्यांना बारदानं लटकवायला सांगे, मांजराबद्दल सांगत नसे. साठी आली. गुडघे खरंच दुखू लागले. शालूबाई म्हणायची, "सोडा आता." तो म्हणायचा, "मांजराच्या मागं फिरायचं काम, त्यात काय जड हाय?" जड काय होतं ते दोघांनाही ठाऊक होतं. सात वर्षांत एकदाही तो नुसता बसला नव्हता. कवडी झोपली तरच त्याचे डोळे मिटत, आणि ती उठली की उघडत. इतकं लक्ष त्यानं काहिलीवरही ठेवलं नव्हतं.

२००४च्या माघात बोके पुन्हा माजावर आले. फौजदार केव्हाच संपला होता; त्याच्या जागी आता एक तांबडा होता, आणि त्याच्याशी भांडायला आणखी दोघे. त्याच आठवड्यात कवडी आजारी पडली. नाक वाहू लागलं, डोळे चिकटले. पुढ्यात बोंबील टाकला तरी तिनं तोंड लावलं नाही. मांजराला वास आला नाही की त्याला ते खाणंच वाटत नाही. ती थप्प्यांमधून एकदा चालत गेली, ओल्या बारदानावरून, कुठंही न थांबता, आणि आकारामच्या स्टुलाखाली येऊन बसली.

मीनाबाई लेकीच्या बाळंतपणाला इचलकरंजीला गेली होती. आणखी आठ दिवस ती येणार नव्हती.

सकाळी अकराला गाडी लागली. एकशे वीस रवे. व्यापारी स्वतः आला नव्हता. फोनवर त्यानं एवढंच सांगितलं होतं की तात्यांनी बघितलं असलं तर भरा. हमाल खांद्यावर पोतं टाकून उभे राहिले. कृष्णात म्हणाला, "तात्या, म्हणा की हां."

आकाराम थप्पीच्या कडेनं चालत गेला. अंगठा लावला. ठोकून बघितलं. गूळ उत्तम होता. त्यापलीकडं त्याला काहीही सांगता येत नव्हतं. खिशात खडू होता. अंदाजानं दहा-बारा फुल्या मारता आल्या असत्या; बोके कुठं उभे राहतात ते त्याला पाठ होतं. निम्मं बरोबर आलं असतं. निम्मं गुजरातेत पोचलं असतं, त्याच्या नावावर.

"मालकास्नी बोलव," तो म्हणाला.

बाळासो पेढीवरून आला. आता पोट सुटलं होतं, कपडे तसेच पांढरे. "काय झालं तात्या?"

"मला वास येत न्हाय, मालक."

"सर्दी?"

"न्हाय. त्र्याण्णव सालापास्नं. तुमी घरी आलासा त्याच्या आधीपास्नं."

कृष्णातच्या तोंडातली तंबाखू तशीच राहिली. बाळासो हसला. मग त्यानं आकारामचं तोंड बघितलं आणि हसणं थांबवलं.

"मग धा वर्सं काय केलंसा?"

"आंबलेलं हातानं. बोका मुतलेलं काय ते मांजर दाखवायचं, आणि मीनाबाई." त्यानं स्टुलाखाली बोट केलं. "तिला आता सर्दी झालीया. बाई बाळंतपणाला गेलीया. आज माझ्याजवळ कोण न्हाय."

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

"कृष्णा, तू घे वास," बाळासो म्हणाला.

"मालक, तीस वर्सं तंबाखू खातोय. मला बायकोच्या हातचं जेवण कळत न्हाय, बोका कुठला कळतोय?"

दुसरे दोघे हमालही मागं सरकले. मग बाळासोनं धोतराचा सोगा कमरेला खोचला आणि पहिल्या रव्यापाशी गुडघे टेकले. वडिलांनी त्याला हेच पहिलं काम शिकवलं होतं, आणि पेढीवर बसायला लागल्यापासून ते त्यानं केलं नव्हतं. एकेक रवा करत तो पुढं सरकला. आकाराम मागून खडू घेऊन चालला. मालकानं मान हलवली की फुली. दीड तास लागला. अकरा फुल्या झाल्या. बाळासो उठला तेव्हा गुडघ्यांवर गुळाचा चिकटा नि धूळ होती, आणि तो धापा टाकत होता.

"येवढं वास घ्यायचं काम," तो म्हणाला, "लई वंगाळ हाय की ओ."

"व्हय."

"मला त्याच वर्सी सांगायचं न्हाय व्हय?"

"सांगितलं असतं तर ठेवलं असतंसा?"

बाळासोनं खोटं उत्तर दिलं नाही. "न्हाय," तो म्हणाला. हात झटकून तो दारापर्यंत गेला आणि तिथून वळला. "गुढीपाडव्यापर्यंत या. हाताचं काम करा. मीनाबाई आली म्हंजे तिला सांगा, दाभण ठेवायचं. स्टुलावर ती बसंल."

"पगार?"

"तुमचाच तिला."

कृष्णात काहीतरी म्हणायच्या बेतात होता. बाळासोनं त्याच्याकडं बघितलं, तेव्हा तो पोतं उचलून गाडीकडं गेला.

आठ दिवसांनी मीनाबाई आली. आकारामनं निरोप सांगितला. तिनं ऐकलं, स्टुलाकडं बघितलं, आणि विचारलं, "मांजर कसं हाय?"

"खाया लागलंय."

"मग बरं. माझंबी नाक पन्नाशीचं हाय, तात्या. तेवढाच आधार."

पाडव्याच्या आदल्या दिवशी तो शेवटचा आला. पेठेतून बावड्याला चालत निघाला, कारण गुडघे दुखले तरी घाई नव्हती. घरी पोचल्यावर शालूबाईनं दूध तापवलं, हुंगलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. तो प्यायला, भिंतीला टेकला आणि दिवस मावळायच्या आत बसल्या जागी झोपला. शालूबाईनं त्याच्या विजारीकडं बघितलं. डाव्या पायाच्या नडगीला, वीतभर उंचीवर, तपकिरी तेलकट पट्टा होता. सात वर्षं तो धुऊन निघाला नव्हता. तिनं विजार भिजवायची बादली आणली, आणि त्याला उठवायला नको म्हणून ती तशीच परत नेऊन ठेवली.